टिळे मॅडम आणि नागलीचा करपा

आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षी सायन्सच्या वर्गाला बाक पुरत नसत आणि तिसऱ्या वर्षी त्याच बाकांवर धूळ साचलेली असे. मधली मुलं जायची कुठं? कुणी सातपूरला कंपनीत हेल्पर म्हणून लागायचं, कुणी गुपचूप आर्ट्सला बदली करून घ्यायचं, कुणी घरी शेतावर, आणि मुलींची लग्नं व्हायची. कॉलेज त्याला ‘गळती’ म्हणत असे. नळ गळतो तसंच ते, सगळ्यांना ऐकू येतं आणि कुणी उठत नाही. वनस्पतिशास्त्राच्या टिळे मॅडम तेवढ्या उठायच्या.

हजेरी घेताना त्या गैरहजर नावावर थांबत. "का नाही आला? कुणाला माहीत आहे?" पेन तसंच वर धरलेलं. शेवटी मागून कुणीतरी पुटपुटायचं, "मॅडम, त्याचे वडील आजारी हायेत," किंवा "मॅडम, तो लासलगावला कांद्याच्या खळ्यावर गेलाय." मग त्या "हं" म्हणायच्या आणि पुढचं नाव घ्यायच्या. बाकीचे प्राध्यापक पाच मिनिटांत हजेरी उरकत. मॅडमचा निम्मा तास कधीकधी त्यातच जायचा आणि अभ्यासक्रम दर वर्षी मागे पडायचा. त्याबद्दल त्यांना प्राचार्यांची बोलणी बसत. ती ऐकून त्या परत यायच्या, प्रयोगशाळेची खिडकी धाडकन उघडायच्या आणि म्हणायच्या, "चला, बटाटे उकडा."

बुटक्या होत्या. आवाज खणखणीत. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, कारण शेतात कधीही उतरावं लागतं असं त्यांचं म्हणणं. लुनावरून यायच्या, आणि लुनाच्या पुढच्या पिशवीत डब्याबरोबर हमखास कुठल्यातरी रोगट झाडाची फांदी असायची. आणि बटाटे. बुरशी वाढवायला बटाट्याचा रस लागतो. बटाटे उकडायचे, पाणी गाळून घ्यायचं, त्यात साखर आणि अगार घालून काचेच्या बशांमध्ये ओतायचं. उकडलेले बटाटे उरतात. मॅडम त्यावर मीठ आणि लाल तिखट भुरभुरवून हॉस्टेलच्या मुलांपुढे ठेवायच्या. "बुरशीला रस, तुम्हाला गर. बुरशी हुशार आहे, तुम्ही जाड व्हाल." पेठ-सुरगाण्याकडची मुलं सकाळपासून उपाशी असायची, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. प्रयोगाला लागतील त्यापेक्षा बटाटे नेहमीच जास्त उकडले जायचे, एवढंच.

मी मखमलाबादची. आमची फुलशेती, झेंडू आणि गुलाब. पहाटे आईबरोबर गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात पाट्या उतरवून मग मी कॉलेजला जायची. नव्वदच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. वर्गात कॉलेज रोडच्या इंग्रजी माध्यमाच्या मुली पुढे बसायच्या, देवळाली कॅम्पातल्या फौजींची मुलं मधे, आणि आम्ही मागे. पुस्तकं इंग्रजी. मला वाचता यायचं, पण कळायचं नाही. कळायचं नाही हे सांगायचीही लाज.

दुसऱ्या वर्षाच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला मॅडमनी प्रत्येक टेबलावर गुलाबाची एक फांदी ठेवली. पानांवर पांढरी भुकटी. ती आमच्याच मळ्यातली होती, मीच आणून दिली होती.

"ही भुरी. दिवसा जास्त पसरते की रात्री? पुस्तकात शोधू नका, सापडणार नाही. मलाही माहीत नाही."

वर्ग चमकला. मॅडमला माहीत नाही?

"नाही माहीत. म्हणजे आज या खोलीत सगळे सारखे अडाणी, मला धरून. आता बोला, कसं शोधायचं?"

पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पण मॅडम, हे परीक्षेला येईल का?"

"नाही येणार."

काही जणांनी त्या प्रश्नाचा नाद तिथंच सोडला. जे राहिले त्यांच्यासाठी मॅडम कॉलेज सुटल्यावर आणि रविवारी प्रयोगशाळा उघडी ठेवू लागल्या. त्यासाठी ना तास होता, ना गुण, ना प्रमाणपत्र. आम्ही त्याला ‘प्रोजेक्ट’ म्हणायचो. त्यांची अट एकच. आपला प्रश्न आपण आणायचा, आणि माहीत नसेल तर तसं मोठ्यानं म्हणायचं. "माहीत नाही म्हणायला शिका. मग पुढचं शिकवते." पहिले काही दिवस आम्ही ते वाक्य एकमेकांकडे बघून, लाजत म्हणायचो. नंतर सवय झाली. इंग्रजीची भीती गेली असं नाही, पण आपल्या हातात एक गोष्ट अशी आहे जी पुढच्या बाकाला नाही, हे मला तिथं पहिल्यांदा वाटलं.

आमच्या गटात आरिफ होता. नाशिकच्या द्वारका चौकात त्याच्या वडलांचं टायर-पंक्चरचं दुकान. भिंतीच्या पोपड्यात वाढणारी बुरशी त्यानं आणली होती, तीच त्याचा प्रोजेक्ट. एकदा तो यायचाच बंद झाला. हजेरीला मॅडम थांबल्या तेव्हा कळलं, वडलांचा हात जॅकखाली सापडलाय, आरिफ दुकानावर बसतो.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला लुनावर मागे बसवलं. द्वारकेचा चौक म्हणजे ट्रक, हॉर्न, धूर आणि डिझेलचा वास. आरिफ एका टबात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत होता. आम्हाला बघून उभा राहिला, हात ओले. शेजारी खाटेवर त्याचे वडील हाताला पट्टी बांधून बसले होते. मॅडमनी ‘शिक्षण सोडू नको’ वगैरे काही म्हटलं नाही.

"आरिफ, तुझ्या बशीत हिरवं काहीतरी वाढलंय. टाकून देऊ का?"

"हिरवं? मॅडम, माझी तर पांढरी होती."

"होती."

"टाकू नका मॅडम! दुसरी कुठली तरी घुसली असेल. मी येऊन बघतो ना."

वडील म्हणाले, "क्या हुआ? काय वाढलंय?"

"बुरशी," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या मुलानं वाढवलीय. कॉलेजात त्याच्याइतकी चांगली कुणाला वाढवता येत नाही."

वडलांनी मुलाकडे बघितलं, मग मॅडमकडे. "बुरशी तो अपने घर में भी है, पूरी दीवार पे. त्याला कॉलेज कशाला पायजे?"

मॅडम एवढ्या मोठ्यानं हसल्या की शेजारचा ट्रकवाला वळून बघायला लागला. वडीलही हसले. त्या तिथंच खाटेच्या कडेला बसल्या, चहा प्यायल्या, आणि निघताना ठरलं की आरिफ सकाळी कॉलेजला जाईल, दुपारनंतर दुकानावर. हिरवं खरंच वाढलं होतं की नाही ते मी बघितलं नव्हतं. परत जाताना विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "उद्यापर्यंत वाढेल." आरिफ पास झाला. पुढे पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन झाला. मॅडम खचल्या की आम्ही आरिफचं नाव घ्यायचो.

पण मॅडमचं नाव निघालं की मला हिरा आठवते.

हिरा भोये सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची. आदिवासी मुलींच्या हॉस्टेलला राहायची. पहिलं वर्षभर ती वर्गात काही बोललेली मी ऐकली नव्हती. बटाटे खायला यायची, खायची, भांडं घासून ठेवायची आणि जायची. एकदा मॅडमनी तिला थांबवलं.

"तुमच्याकडं काय पिकतं?"

"नागली."

"तिला काय होतं?"

"करपा."

"मग काय करता?"

"काय नाय. बाप म्हणतो, राब नीट भाजला नाय म्हणून येतो."

नागली म्हणजे नाचणी, करपा हा तिच्या पानांवरचा रोग; आणि राब म्हणजे पेरणीआधी रोपांच्या जागेवर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून जाळायच्या. मग त्या राखेत बी टाकायचं. डोंगरात सगळे करतात. कृषी खात्याची माणसं येऊन सांगायची की जंगल तोडून जाळू नका, उपयोग नाही. मॅडमनी विचारलं, "खरं आहे का ते? राब भाजला तर करपा कमी येतो?"

हिरानं हातातलं भांडं खाली ठेवलं. "माहीत नाय."

मॅडमनी टेबलावर थाप मारली. "झालं! सुरू कर."

त्यानंतर हिराला थांबवणं कठीण गेलं. कॉलेजच्या गच्चीवर तिनं कुंड्या मांडल्या. काहींतली माती भाजलेली, काहींतली तशीच. तिचा भाऊ रोगट नागलीचा पेंढा एसटीच्या टपावर टाकून आणायचा. ती पानं कापायची, डाग मोजायची, बुरशी बशीत वाढवायची. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा करप्याचे बीजाणू दिसले तेव्हा तिनं मला मानेला धरून खाली वाकवलं. "बघ ना! एवढंसं. आन् आख्खी नागली खातं हे!" तिचा आवाज इतका मोठा असू शकतो हे आम्हा दोघींनाही तेव्हाच कळलं. एकदा प्राचार्य पाहुण्यांना घेऊन गच्चीवर आले आणि त्यांचा पाय एका कुंडीला लागला. हिरा ओरडली, "सर, माझी झाडं!" मॅडम जिन्यात उभ्या होत्या. त्या दिवशी त्या दिवसभर गुणगुणत होत्या.

पहिल्या वर्षी भाजलेल्या मातीतल्या रोपांवर डाग खरंच कमी आले. हिरा घरी जाऊन बापाला सांगून आली. दुसऱ्या वर्षी तोच प्रयोग तसाच केला आणि काहीच फरक दिसला नाही. ती रडकुंडीला आली. "मॅडम, माझं काय चुकलं?"

"चुकलं असेल. किंवा यंदाचा पाऊस वेगळा. किंवा पहिल्या वर्षीचंच खोटं. कसं कळेल?"

"आणखी दोन वरसं करावं लागंल."

"मग तेच लिही."

त्या वर्षी दुसऱ्या एका शहरात विद्यार्थ्यांच्या संशोधनाची स्पर्धा होती. मॅडमनी हिराला नेलं, सोबत मी. तिथं चकचकीत तक्ते, रंगीत आलेख, टाय लावलेली मुलं. प्रत्येकाचा प्रयोग यशस्वी झालेला होता, एकाचाही फसला नव्हता. हिरा मराठीत बोलली, हळू पण स्पष्ट. परीक्षक तिघे होते. मधले इंग्रजीत म्हणाले की निष्कर्ष एका वाक्यात सांगा.

"सर, पहिल्या वर्षी फरक दिसला, दुसऱ्या वर्षी नाय दिसला. का, ते मला माहीत नाय."

"माहीत नाही, हे काय उत्तर झालं?"

मागून हसण्याचा आवाज आला. हिरानं मॅडमकडे बघितलं. मॅडम उभ्या राहिल्या. "सर, तेच उत्तर आहे. खरं उत्तर तेच आहे."

"मॅडम, मार्गदर्शकांनी बोलायचं नसतं. प्लीज बसा." आणि हिराकडे वळून, मराठीत, जवळजवळ प्रेमानं ते म्हणाले, "बाळ, माहीत नाही तर इथं कशाला आलीस?"

परतीच्या एसटीत हिरा खिडकीशी बसली होती. सिन्नर आलं. मग म्हणाली, "मॅडम, राबानं करपा जातो असं म्हटलं असतं तर नंबर आला असता ना?"

मला वाटलं, मॅडम काहीतरी समजूत घालतील.

"आला असता," मॅडम म्हणाल्या.

"मग तुम्ही आम्हाला हे कशाला शिकवलं?"

मुठीत तिकीट घट्ट धरून मॅडम समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिल्या.

हिरा फर्स्ट क्लासमध्ये बी.एस्सी. झाली. त्यांच्या पाड्यावरची सायन्सची पहिली पदवीधर. मॅडमनी धावपळ करून तिला पुण्याला एम.एस्सी.ला प्रवेश मिळवून दिला. मॅडमना आम्ही इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. स्टँडवर पोचवायला स्वतः गेल्या, आपली शाल तिच्या खांद्यावर टाकली. पण हॉस्टेलमध्ये पहिल्या सत्रात जागा मिळाली नाही. शिष्यवृत्ती रखडली. लांबच्या एका नातेवाइकाकडे ती राहिली, तिथं तिला दोन वेळचं घरकाम करावं लागायचं. वर्गात सगळं इंग्रजीत, भराभर. आणि ज्या प्रयोगशाळेची ती वाट बघत होती तिथं पहिलं वर्षभर फक्त वहीत आकृत्या काढायच्या होत्या. दिवाळीला ती घरी गेली आणि परत पुण्याला गेलीच नाही. मॅडम तिकडे जाऊन विभागप्रमुखांना भेटल्या. ते म्हणाले, जागा गेली. त्यांचंही काही चुकलं नसावं. त्यांच्याकडे अशा जागा दर वर्षी जात होत्या.

मॅडमनी पाड्यावर निरोप धाडले. उत्तर आलं नाही.

मी एम.एस्सी. नाशिकलाच केलं आणि आमच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले, म्हणजे जेवढे तास तेवढी नोकरी. मॅडमचा गट चालू होता, पण मुलं कमी. एकदा सुरगाण्याकडचा नवीन मुलगा हजेरीच्या वेळी म्हणाला, "मॅडम, आमच्या पाड्यावरची माणसं द्राक्षाला गेलीत, दिंडोरीकडं. ती हिराताई हाय ना, तुमच्याकडं शिकलेली, ती पण टोळीत हाय."

मॅडमनी वही मिटली.

आम्ही दोघी रविवारी गेलो. बाग एका मोठ्या बागायतदाराची. मांडवाखाली बायका हातात छोट्या कात्र्या घेऊन घडांची विरळणी करत होत्या. घडातले जादा मणी कापून टाकायचे म्हणजे उरलेले मोठे होतात. हिरा तिसऱ्या ओळीत होती. डोक्याला फडकं, अंगावर नवऱ्याचा जुना शर्ट. लग्न झालं होतं. आम्हाला बघून ती ओळीतून बाहेर आली, हात शर्टाला पुसले, आणि वाकून मॅडमच्या पाया पडली. मॅडमनी तिला मधेच धरलं.

मुकादमानं लांबूनच हाक मारली, पण मॅडमचे बूट आणि चष्मा बघून तो गप्प बसला. बांधावर बसलो. हिरानं कळशीतलं पाणी दिलं.

"हिरा, परत ये," मॅडम म्हणाल्या. "मी बोलते. कॉलेजात प्रयोगशाळा सहायकाची जागा निघेल. किंवा बी.एड. कर. काहीतरी…"

"मॅडम, सांगू का?" हिरा मातीत कात्री रोवत म्हणाली. "इथं सगळ्या बाया घड बघतात. मी पान बघते. पानावर डावणीचा डाग दिसला का माझा हात थांबतो. किती हाईत, कुठल्या बाजूला हाईत. मुकादम ओरडतो, ए बाई, पानं काय मोजते. मग बाया हसतात. पयलं मला असं होत नव्हतं. हे तुम्ही लावलं."

"वाईट झालं का ते?"

हिरा रागावलेली नव्हती, विचार करत होती, गच्चीवर कुंड्यांपुढे बसायची तशी.

"तुम्ही मला अर्ध्या वाटेवर नेलं, मॅडम. पुढं रस्ताच नाय. आन् मागं फिरले तर घर पण पयल्यासारखं नाय. आई म्हणते, तू आमच्यात बसते पण असत नाय. मी कुठं जाऊ?"

मॅडमनी तिचा हात हातात घेतला. कात्रीनं बोटांना घट्टे पडले होते. मग मुकादमानं पुन्हा हाक मारली आणि हिरा उठली. "पानी लय थंड नसंल, उन्हात होतं," एवढंच म्हणाली आणि ओळीत शिरली.

लुनावर मागे बसलेल्या मला मॅडमच्या खांद्यांवरून कळत होतं की त्या रडतायत. म्हसरूळच्या अलीकडे त्यांनी गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला उभ्या राहून त्या म्हणाल्या, "मी भूक लावली. जेवण कुठं होतं माझ्याकडं?"

मी म्हटलं, "मॅडम, आरिफचं बघा की. माझं बघा."

"तुझं काय बघू? तू तासांवर. उद्या विषय बंद झाला की तूही बंद." मग स्वतःच दचकल्यासारख्या झाल्या आणि माझ्या दंडावर हात ठेवला. "चुकले. पण खोटं बोलले का?"

खोटं नव्हतंच.

त्यानंतर त्या वेगळ्या वागू लागल्या. प्रोजेक्ट करायचाय म्हणून कुणी आलं की पूर्वी विचारायच्या, तुझा प्रश्न काय? आता विचारू लागल्या, घरी कोण आहे? पुढं कोण बघणार? पैसे कुठून येतील? मुलं गोंधळून परत जायची. काहींना त्या सरळ सांगायच्या, "डी.एड. कर, पोलिसात भरती हो, नोकरी बघ." एका मुलीला असं सांगितल्यावर ती रडत बाहेर गेली. मी मॅडमना म्हटलं, "निदान एक वर्ष तरी करू द्यायचं होतं."

"एक वर्ष केलं की सुटत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुला सुटलं का?"

रविवारी प्रयोगशाळा उघडणं हळूहळू थांबलं. कधी थांबलं ते सांगता येणार नाही. एका रविवारी मी गेले आणि कुलूप होतं, एवढं आठवतं.

शहरात तोवर कॉम्प्युटरचे क्लास गल्लोगल्ली झाले होते. इंदिरानगरला मॅडमच्या इमारतीखालीच दोन होते. कॉलेजनं विनाअनुदानित कॉम्प्युटर सायन्स सुरू केलं आणि त्याला रांगा लागल्या. वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला पाच-सहा मुलं उरली. प्राचार्य नवे होते, सभ्य माणूस. मॅडमना बोलावून म्हणाले, "मला वाईट वाटतं मॅडम. पण एवढ्या मुलांवर विभाग कसा चालवू? तुम्हीच सांगा."

मॅडम म्हणाल्या, "नाही चालणार." भांडल्या नाहीत. मला वाटलं होतं भांडतील. मी बाहेर दाराशी वाट बघत होते. त्या बाहेर आल्या आणि सरळ जिना उतरून गेल्या.

प्रयोगशाळा रिकामी करायची ठरली. तिथं संगणक येणार होते. फ्रीजमध्ये काचेच्या नळ्यांमध्ये बुरश्या होत्या. दर काही महिन्यांनी त्यांना नव्या खाद्यावर घालावं लागतं, नाहीतर त्या मरतात. हिराचा करपाही होता. हिरा गेल्यावरही मॅडमनी तो इतकी वर्षं जगवला होता, कुणाला न सांगता. मला वाटलं, फेकून देऊ. मॅडम म्हणाल्या, "जिवंत टाकायची नसते. बाहेर शेतं आहेत लोकांची."

प्रेशर कुकर काढला. त्यांनी नळ्या एकेक करून आत ठेवल्या. हिराची नळी उजेडात धरून बघितली. राखाडी, मऊ, उंदराच्या अंगावरच्या लवेसारखी. मग तीही ठेवली. झाकण लावलं. आम्ही दोघी स्टुलावर बसलो. शिट्टी व्हायला लागली. बाहेर नवीन पोरं संगणकाची खोकी वर चढवत होती, त्यांचा गलका चालला होता. मॅडमनी गॅस बंद करायला बराच वेळ लावला. मी एकदा म्हटलं, "मॅडम, झालं असेल." त्या म्हणाल्या, "थांब. अर्धवट राहायला नको."

मुदतीआधीच त्या निवृत्त झाल्या. माझे तास अर्थातच संपले. मी एका खाजगी शाळेत लागले. यजमान गेल्यावर मॅडम एकट्याच होत्या. मुलगा नागपूरला, त्यानं तिकडे या म्हणून धोशा लावला. फ्लॅट विकला. जायच्या दिवशी मी नाशिकरोड स्टेशनवर पोचवायला गेले.

संध्याकाळची गाडी. मॅडमना खिडकीची जागा मिळाली. समोरच्या बाकावर कॉलेजची चार-पाच मुलं होती, कुठल्यातरी परीक्षेला निघालेली, मांडीवर जाडजूड पुस्तकं. मी फलाटावर खिडकीशी उभी. पाणी घेतलं का, औषधं वर ठेवली का, असलं काहीबाही बोलत होतो. हिराचं काही कळलं का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

समोरच्या मुलीनं तिची पिशवी सरकवून मॅडमच्या पायांना जागा करून दिली. मोकळी, बोलकी मुलगी होती. म्हणाली, "आजी, एकट्याच का? नोकरी होती का तुम्हाला?"

"होती. कॉलेजात."

"हो? कुठला विषय शिकवायचात?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता त्या काहीतरी सांगतील, निदान नाव तरी. त्यांचे ओठ हललेही.

"आता नाही तो विषय तिथं," त्या म्हणाल्या.

मुलगी पुढे काही विचारणार होती, पण गाडीनं हिसका दिला आणि तिची पुस्तकं खाली पडली. मुलं खिदळत ती गोळा करायला वाकली. मॅडम वाकल्या नाहीत. हात मांडीवर ठेवून ताठ बसल्या होत्या. मी खिडकीबरोबर चार पावलं चालले, मग थांबले. त्यांनी हात केला नाही. त्या समोर बघत होत्या, त्या वाकलेल्या मुलांच्या डोक्यांवरून, आणि गाडी पुढे निघून गेली.